कव्हराखालची कॅमॅरो

मस्कतला थंडी कानांनी कळते. अंगाला ती फारशी लागत नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी आपण एसी बंद करतो आणि सात-आठ महिने डोक्यात घरघरत असलेलं काहीतरी एकदम थांबतं. मग खिडकी उघडायची. खिडकी उघडली की अल खौद, म्हणजे आमची वस्ती, घरात येते. पलीकडच्या घरातली बकरी, कोपऱ्यावरच्या चहावाल्याला गाडीतूनच हॉर्न मारून बोलावणारे लोक, विद्यापीठाकडे निघालेल्या पोरांच्या गाड्या. या दिवसांत लोक कोळसा आणतात, चटया झटकतात, शुक्रवारी सगळं खटलं घेऊन समुद्रावर जातात. मला मात्र या दिवसांत वैताग येतो. एसी बंद केला की मला गेल्याच्या आदल्या वर्षीची थंडी आठवते, आणि ती आठवली की मी पुन्हा एसी लावते.

ती अख्खी थंडी आमच्या घरी दोन गाड्यांच्या तुलनेत गेली.

श्रीकांत, म्हणजे माझा नवरा, पाण्याच्या पाइपलाइनी तपासणारा इंजिनिअर आहे आणि जगातली कुठलीही वस्तू त्याला एकटी बघता येत नाही. शेजारी दुसरी लागते. मिक्सर घ्यायचा तर दोन मिक्सर, शाळा निवडायची तर दोन शाळा. मला बघायला आला त्याच संध्याकाळी त्याला कोथरूडला अजून एक मुलगी बघायची होती, हे त्यानं लग्नानंतर अगदी प्रामाणिकपणे सांगितलं. तेव्हा त्यानं तक्ता केला होता का, हे मी अजून विचारलेलं नाही. काही प्रश्नांची उत्तरं माहीत नसलेलीच बरी.

आम्ही राहतो ते घर अबू सालिमचं. खाली ते आणि त्यांचं कुटुंब, वर आम्ही. सत्तरीच्या पुढचे, ताठ, कुवेतमध्ये तरुणपण घालवलेले, हिंदी आपल्यापेक्षा बेधडक बोलणारे. त्यांच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली दोन अमेरिकन गाड्या उभ्या असत. दोन्ही एकोणसत्तर सालच्या, दोन्ही दोन दारांच्या, लांब नाकाच्या, पुढे आठ सिलिंडरचं धूड. एक मस्टँग, एक कॅमॅरो. मस्टँग अबू सालिमनी आयुष्यभर दामटलेली. तिचं मूळ इंजिन कधीच गेलं होतं, त्या जागी दुसरं, जास्त ताकदीचं बसवलं होतं. ब्रेक नवे, रंग तिसऱ्यांदा दिलेला. कॅमॅरो मात्र एका परत निघालेल्या अमेरिकन साहेबाकडून घेतलेली आणि जपून ठेवलेली. इंजिन, गिअरबॉक्स, फिका पडलेला निळा रंग, टायरसुद्धा, सगळं जसंच्या तसं. इंजिनवरचा नंबर गाडीच्या सांगाड्यावरच्या नंबराशी जुळतो, हे वाक्य मी त्या थंडीत इतक्यांदा ऐकलं की ते मला पाढ्यांसारखं पाठ झालं.

अबू सालिमना काचबिंदू झाला होता. दोन्ही बाजूंनी दिसणं मिटत चाललं होतं, दार हळूहळू लोटून घ्यावं तसं. डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली आणि मुलानं शेडमधली एका गाडीची जागा मागितली. त्यांनी श्रीकांतला आणि मला खाली बोलावलं, खजूर पुढे केले, छोट्या कपात कहावा, म्हणजे इथली कॉफी, ओतला आणि म्हणाले, "सिरीकान, दोनों में से एक तुम लो. दूसरी इब्री में मेरा साला ले जाएगा. किमत दोनों का एकही."

"कौन सी लूँ?" आमच्या शहाण्यानं विचारलं.

"जो अच्छी लगे. लेकिन एक शर्त है. मुझे एक बार उसमें बिठाके इब्री ले जाना. आँख में लाइट है तब तक."

इब्री म्हणजे त्यांचं गाव, इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. मुलगा त्यांना जीपमधून नेतो की, मी म्हटलं. त्यावर ते हसले. "जीप में मैं सामान है, मॅडम. काला शीशा, मोबाइल पे बात, पहाड भाग जाता है." बहला गाव मागे पडलं की इब्रीपर्यंत उजव्या हाताला डोंगर सोबत करतो. तरुणपणी बायकोला याच रस्त्यानं, याच गाड्यांपैकी एकीतून आणलं होतं, तेव्हा अर्धा रस्ता कच्चा होता. तो डोंगर त्यांना त्या खालच्या सीटवर बसून, मान वर करून, एकदा नीट बघायचा होता. मागणं एवढंच होतं. त्यासाठी लागणारी गाडी दारात होती, रस्ता दारात होता, हवा छान होती. कुठल्याही साध्या माणसानं पुढच्या शुक्रवारी किल्ली फिरवली असती.

श्रीकांतनं लॅपटॉप उघडला.

बेचाळीस रकाने. मी मोजले नाहीत, त्यानंच अभिमानानं सांगितलं. एका बाजूला पळण्याचं, दुसऱ्या बाजूला जपण्याचं. वेग कुणाचा चढतो, वळणावर कुठली सरळ राहते, ब्रेक कुणाचे भरवशाचे: सगळीकडे मस्टँग पुढे. मूळ भाग किती, रंग कुणाचा पहिला, अशी गाडी जगात किती उरली असेल, वीस वर्षांनी संग्राहक कुणासाठी जीव टाकतील: सगळीकडे कॅमॅरो पुढे. शेवटी बेरीज सारखी यायची. मग तो वजनं बदलायचा, आणि पुन्हा बेरीज सारखी यायची. डाळ गार व्हायची. आमची मुलगी इरा तेव्हा बारावीत होती. तिच्या परीक्षेचा ताण घरात कुणालाच नव्हता, कारण घरातला सगळा ताण कार्ब्युरेटरनं घेतला होता. एकदा ती ताट बाजूला सारून म्हणाली, "बाबा, जस्ट पिक वन ना! इट्स अ कार. तुम्ही त्याच्याशी लग्न नाही करणार आहे."

"लग्न तरी लवकर ठरवलं होतं," मी म्हटलं.

सनाइयात, म्हणजे गॅरेजांच्या वसाहतीत, याकूबभाईंचं गॅरेज आहे. रत्नागिरीकडचे, पंचवीस वर्षं इथे. त्या थंडीत त्यांना आठवड्यातून दोनदा आमच्या अंगणात यावं लागायचं. दोन्ही बॉनेट उघडी, अबू सालिम खुर्चीवर, आणि श्रीकांत टॉर्च घेऊन वाकलेला. वरच्या खिडकीत कपडे वाळत घालताना मला सगळं ऐकू यायचं.

"साहेब, ह्या मस्टँगचा इंजान कुनी बदललान हाय, पन पलते कशी ती बगा! घोडी हाय घोडी."

"पण ओरिजिनल नाही ना, याकूबभाई."

"ओरिजिनल तर माजे दात पन नाय ऱ्हवले. जेवतो मी झकास."

"आणि कॅमॅरो?"

"ती बगत बसायची. नवरीवानी. तुमाला नक्की काय करायचाय, चालवायची का बगायची? ता एकदा ठरवा, मंग इचारा."

एवढा सरळ प्रश्न. पण आमच्याकडे घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं, आणि का ते मला ठाऊक होतं. मी त्या उत्तरावर रोज झोपत होते.

आमच्या पलंगाखाली खोकी आहेत. इथल्या कुठल्याही मराठी घरात पलंगाखाली वाकून बघा, असतील. हमरियातल्या एका दुकानातून आम्ही पहिल्या वर्षी घेतलेला निळ्या फुलांचा डिनर सेट. चोवीस जणांचा, थर्माकोलसकट. वाघाचं चित्र असलेलं ते गुबगुबीत ब्लँकेट, झिपच्या पिशवीत. एक इस्त्री, एक फूड प्रोसेसर, आता कुठेच न मिळणाऱ्या मापाच्या चादरी. सगळं 'परत गेल्यावर' साठी. परत गेल्यावर पुण्याच्या घरात उघडायचं. बावीस वर्षं आम्ही स्टीलच्या ताटात जेवतो आहोत आणि आमच्या खालीच चोवीस माणसांची पंगत कागदात गुंडाळून झोपली आहे. चांगलं ते पुढे, चालेल ते आत्ता. श्रीकांत खोक्यांची खोकीही जपतो, आणि खोक्यातून निघणाऱ्या त्या ओल ओढून घेणाऱ्या पांढऱ्या पुड्यासुद्धा. त्यांचा वेगळा डबा आहे. पुड्यांवर 'खाऊ नका' असं लिहिलेलं असतं. 'जपू नका' असंही लिहायला हवं होतं.

मी त्याला एकट्याला बोल लावते हेही खरं नाही. माझ्या कपाटात दोन पैठण्या मलमलीत गुंडाळलेल्या आहेत. इथे कुणासमोर नेसायच्या, असं मी दर दिवाळीला म्हणते. जणू काही इथली माणसं माणसं नाहीत, इथली दिवाळी रंगीत तालीम आहे आणि खरा प्रयोग पुण्याला होणार आहे. हे लिहिताना मला माझाच राग येतो आहे, पण तो नवऱ्यावर काढायला सोपा पडतो.

तर निकाल कुठला लागणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. श्रीकांत मस्टँगकडे ज्या नजरेनं बघायचा तसं त्यानं माझ्याकडे कोथरूडच्या आधी आणि नंतर मिळून एकदाही बघितलेलं नाही. एकदा याकूबभाईंनी ती चालू करून दिली आणि अबू सालिम म्हणाले, "यल्ला, एक चक्कर मारो." तो विद्यापीठाच्या बाजूनं फिरून आला. उतरला तेव्हा त्याचे केस उडालेले होते आणि तो हसत होता. कारण नसताना हसत होता, लहान मुलासारखा. मला वाटलं, झालं, सुटलो. त्या संध्याकाळी त्यानं तक्त्यात एक रकाना वाढवला.

मार्चमध्ये, पंखे फिरायला लागल्यावर, त्यानं कॅमॅरो घेतली. "चालवून चालवून मस्टँगचं काय उरणार? ही राहील," तो म्हणाला. मस्टँग न्यायला इब्रीहून मेहुण्यांचा मुलगा आला. त्यानं ट्रेलर वगैरे काही आणला नव्हता, किल्ली घेतली आणि गेला. जाताना त्यानं कोपऱ्यावर असा काही आवाज काढला की बकरी बांधलेली दोरी तोडून आत पळाली. अबू सालिम फाटकात उभे होते. आवाज पार मोठ्या रस्त्याला लागून विरेपर्यंत उभे राहिले. मग आत येताना म्हणाले, "सिरीकान, अब तुम्हारी वाली. कब?"

"इन्शाल्ला, अगले जुम्मे," श्रीकांत म्हणाला.

इथल्या कचेऱ्यांमध्ये कागद अडकला आणि समोरचा माणूस इन्शाल्ला म्हणाला की आपण भारतीय लोक एकमेकांकडे बघून हसतो. म्हणजे आता झालं कल्याण, अशा अर्थानं. त्यानंतर दीडएक वर्ष एक ओमानी म्हातारा दर शुक्रवारी आमच्या तोंडून तोच शब्द ऐकत होता, आणि तो बिचारा तो शब्द खरा मानत होता.

शुक्रवारची नमाज झाली की ते यायचे. पांढरा स्वच्छ पायघोळ डिशडाशा, डोक्याला कडक बांधलेला मस्सर, खिशात गॉगल. प्रवासाला निघाल्यासारखे. शेडखाली बसायचे, थर्मासमधून कहावा ओतायचे. कॅमॅरोवर आता राखाडी कव्हर होतं. आत सीटांवर, डॅशबोर्डवर, डिकीत श्रीकांतच्या डब्यातल्या पांढऱ्या पुड्या ओळीनं मांडलेल्या. दसऱ्याला मी हळदकुंकू घेऊन गेले तर तो आडवा आला. पन्नास वर्षांचा मूळ रंग आहे, कुंकवाचा डाग बसेल! चाकाखाली लिंबू? लिंबात आम्ल असतं! शेवटी मी कव्हराची पूजा केली. झेंडूचा हार कव्हराला, अक्षता कव्हराला, नमस्कार कव्हराला. माझ्या सासूबाईंना व्हिडिओवर दाखवलं तर त्या म्हणाल्या, "आत नक्की गाडी आहे ना गं?"

न जाण्याचं कारण होतं टायर. ते मूळ होते, म्हणून मौल्यवान होते, आणि मूळ होते म्हणूनच वाळून तडकलेले होते. त्यांच्यावर इब्रीच काय, कोपऱ्यावरचा चहासुद्धा धोक्याचा. बदलावेत तर मूळपण जातं, ठेवावेत तर जाता येत नाही. याकूबभाई म्हणाले, "जुने काडून माळ्यावर ठेवा, नवे घाला, फिरून या. मंग परत जुने घाला. कोन बगतो?" पण नवे घालायचे तर त्या काळच्या मापाचे, त्या काळच्या नक्षीचे हवेत. ते अमेरिकेहून मागवायचे, आणि ते मागवायच्या आधी दोन कंपन्यांची तुलना करायची. गेली थंडी त्या तुलनेत गेली. एसी पुन्हा सुरू झाले तेव्हा टायर आले. तोवर गरमी. गरमीत इंजिन तापेल. शिवाय टायर इतके सुरेख बांधून आले होते की ते इराच्या रिकाम्या खोलीत तसेच राहिले. ती शिकायला बंगळूरला गेली आहे. "माझ्या रूममध्ये टायर्स आहेत?" तिनं फोनवर विचारलं, आणि हसून वर पुन्हा, "कव्हरमध्ये आहेत ना?" मी फोन ठेवून दिला.

आणि खाली, शुक्रवारामागून शुक्रवार, दार लोटलं जात होतं. आधी अबू सालिमचा हात डावीकडच्या थर्मासला लागेना. मग ते पायरीशी थांबून पाय चाचपायला लागले. मग एका शुक्रवारी गॉगल आणला नाही. कशाला आणायचा? मला दिसत होतं, म्हणजे मी वरून बघत होते आणि श्रीकांतवर चरफडत होते. चरफडण्यापलीकडे मी काय केलं? गाडी चालवायचा परवाना माझ्याकडेही आहे, फोन माझ्याकडेही आहे. दुसऱ्याच्या आळसावर वैतागत बसणं हाही एक आरामच असतो.

या नोव्हेंबरात एसी बंद केला तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी नमाज सुटली, मी खिडकीत होते. अबू सालिम काठी घेऊन शेडकडे आले. कव्हराचं एक टोक वाऱ्यानं फुगून माणसाच्या उंचीएवढं उभं राहिलं होतं. ते त्याच्यासमोर थांबले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "अस्सलाम आलैकुम, सिरीकान. आज तो मौसम अच्छा है."

कव्हर काही बोललं नाही. त्यांनी थोडी वाट बघितली. "कोई बात नहीं," ते म्हणाले, "अगले जुम्मे."

श्रीकांत त्यांच्या मागे चार पावलांवर उभा होता. हातात पांढऱ्या पुड्यांचा डबा.

मी याकूबभाईंना फोन लावला. "कधी येऊ?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आत्ता. टायर चढवायचेत." फोन ठेवून वळते तर इराच्या खोलीतून कागद टराटरा फाडल्याचा आवाज येत होता. बावीस वर्षांत त्या माणसानं कुठलंही खोकं कात्रीशिवाय उघडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, उन्हं कोवळी असताना आम्ही निघालो. श्रीकांत गाडी चालवायला, उजवीकडे अबू सालिम, मागच्या अरुंद सीटवर मी, माझ्या मांडीवर थर्मास आणि पायाखाली तीन पांढऱ्या पुड्या राहिलेल्याच. कॅमॅरोचा आवाज मी पहिल्यांदा एवढा वेळ ऐकला. घसा बसलेल्या माणसानं खालच्या पट्टीत गावं तसा. नाही म्हणायला ती एका चढावर धापली, आणि एकदा श्रीकांतनं ब्रेक दाबल्यावर ती बराच विचार करून थांबली. पण चालली. अबू सालिम रस्ता सांगत होते, आता पूल येईल, आता डावीकडे खजुराची बाग, आणि पूल येत होता, बाग येत होती. निझवा गेलं, बहला गेलं. त्यांनी काच खाली केली आणि तोंड उजवीकडे वळवलं. आता त्यांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.

"पहाड आ गया?"

"आ गया," श्रीकांत म्हणाला.

"कैसा है?"

गाडीच्या एकेका स्क्रूवर बेचाळीस रकाने भरणारा माझा नवरा स्टिअरिंगवरून एकदा उजवीकडे वाकला. मग म्हणाला, "बडा है."

मी मागून कपाळाला हात लावला. अबू सालिम खो खो हसले. "वो तो अंधा भी बोलेगा! ठीक से देखो. रंग बोलो."

श्रीकांतनं गाडी बाजूला घेतली, बंद केली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि मान वाकवून त्या बुटक्या खिडकीतून वर बघायला लागला. मग हळूहळू, तपासणीचा अहवाल वाचावा तसं सांगू लागला. नीचे राख जैसा. बीच में थोडा गुलाबी, लेकिन लाइन में, जैसे किसीने लेयर लगाया. ऊपर एकदम काला, वहाँ बादल का साया है. एक जगह सफेद है, पता नहीं क्या, पानी का निशान होगा. अबू सालिम मान हलवत ऐकत होते, मध्येच बोटानं काचेच्या कडेवर काहीतरी रेखत होते. सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली. त्याची खोड त्यांना पुरती माहीत होती.

"अब कंपेअर करो," ते म्हणाले. "पिछले साल से अच्छा है कि नहीं?"

या रस्त्यानं श्रीकांत कामासाठी महिन्यातून दोनदा जातो. पाइपलाइन याच डोंगराच्या कडेनं गेली आहे. मीही किती वेळा गेले असेन, पुढच्या सीटवर, हातात फोन घेऊन. त्यानं स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढून मांडीवर ठेवले.

"मालूम नहीं, अबू सालिम," तो म्हणाला. "पिछले साल मैंने देखा नहीं."